शब्द ऐकू आले पाहिजेत : गिटारवरचं गाणं घरच्या घरी रेकॉर्ड करताना

पहिलं गाणं रेकॉर्ड करून मी आत्याला पाठवलं, तेव्हा तासाभरात तिचा फोन आला. "गिटार छान वाजतेय गं. पण दुसऱ्या कडव्यात काय म्हणालीस, ते एक अक्षर कळलं नाही बघ." ते गाणं आत्याला तोंडपाठ आहे. तिच्या तरुणपणी रेडिओवर दिवसाआड लागायचं. तिलाच जर शब्द कळले नाहीत, तर जो ते गाणं पहिल्यांदाच ऐकतोय त्याच्या हाती काय लागणार?

तेव्हा मला वाटलं, माईक चांगला घेतला की होईल. माईक घेतला, तरी शब्द कळेनात. मग एकेक गोष्ट तपासत गेले. पट्टी माझ्या गळ्याला खालची होती, सहाही तारा सतत झोडपत होते, आणि उघड्या भिंतींची खोली घुमत होती. माईक तर या सगळ्यानंतर येतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे. आपलं मराठी गाणं शब्दांवर उभं आहे. खाली जे जे सांगितलं आहे, ते करताना एवढंच विचारत राहा : याने शब्द स्पष्ट होतील की झाकले जातील?

आधी पट्टी ठरवा

मूळ गायकाच्या पट्टीत गायचा हट्ट सोडा. आपल्याकडे पट्टी पेटीवरून सांगतात, काळी एक, पांढरी चार, काळी पाच अशी. गिटारवाले मात्र सी, डी, जी अशी भाषा बोलतात. ज्यांनी आधी पेटीवर गाणं शिकलं आणि मग गिटार हातात घेतली, त्यांचा इथे गोंधळ होतो. हिशेब सोपा आहे. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, काळी दोन म्हणजे डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प आणि पांढरी सात बी.

यातल्या काळ्या पट्ट्यांच्या कॉर्ड नवख्याच्या बोटांना झेपत नाहीत. तिथे कॅपो, म्हणजे गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, कामी येतो. कॅपो एक घर पुढे सरकवला की सगळं वाद्य अर्ध्या सुराने चढतं. काळी एकमध्ये गायचं असेल तर कॅपो पहिल्या घरात लावा आणि सीच्या कॉर्ड धरा. काळी दोनला पहिल्या घरात कॅपो आणि डीच्या कॉर्ड. काळी चारला पहिल्या घरात कॅपो आणि जीच्या कॉर्ड. काळी पाचला तिसऱ्या घरात कॅपो आणि पुन्हा जीच्याच कॉर्ड. पांढरी चारला तिसऱ्या घरात कॅपो आणि डीच्या कॉर्ड. माझी पट्टी काळी चार आहे. मी ओळखते त्या बहुतेक पुरुषांना काळी एक किंवा काळी दोन सोयीची पडते. पण गाणं कुठवर चढतं त्यावर हे बदलतं.

पट्टी शोधताना मुखडा म्हणून बघू नका. मुखडा सगळ्यांनाच जमतो. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ, बहुधा अंतऱ्याची, आणि सगळ्यात खालची ओळ म्हणून बघा. वरच्या ओळीत आवाज चिरकत नसेल आणि खालच्या ओळीतला शेवटचा शब्द पुटपुटल्यासारखा होत नसेल, तर ती तुमची पट्टी. दोन्हीपैकी एकच साधत असेल, तर अर्धा सूर वर घ्या. खालचे सूर माईकमध्ये आधी हरवतात. माझ्या त्या दुसऱ्या कडव्याचं तेच झालं होतं.

कॉर्ड आणि ठेका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी गाणी गिटारवर घेताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि गिटार शिकवणारे पुष्कळदा पाश्चात्त्य गाण्यांवरच शिकवत असल्यामुळे हे कुणी सांगत नाही.

आपल्या कितीतरी चाली एखाद्या रागाच्या अंगाने जातात. भूपाच्या अंगाने जाणारी चाल घ्या. तिच्यात मध्यम आणि निषाद नाहीत. आता तुम्ही सीमध्ये गाताय आणि सवयीने जी मेजर वाजवलात, तर त्या कॉर्डमध्ये बी आहे, म्हणजे निषाद. गळ्यात नसलेला सूर गिटारमधून आला, की ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं खरं. तिथे जी सस टू वाजवा. तिच्यात पंचम, धैवत आणि रिषभ आहेत, तिन्ही भूपातले. सी मेजर आणि ए मायनर तर चालतातच. यमनाच्या अंगाची चाल असेल, तर तीव्र मध्यमामुळे एफ मेजर टोचते आणि डी मेजर शोभते. राग ओळखता येत नसला तरी बिघडत नाही. चाल नुसती सरगमीत म्हणून बघा, कुठले सूर येतच नाहीत ते टिपा, आणि ज्या कॉर्डमध्ये ते सूर आहेत त्या बाजूला ठेवा.

ठेक्याचंही तसंच आहे. बहुतेक भावगीतं आणि भक्तिगीतं केरवा नाहीतर दादऱ्यात असतात. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती, न क धी न. दादऱ्याच्या सहा, धा धी ना, धा ती ना. गाणं दादऱ्यात असताना नुसतं वर-खाली, वर-खाली स्ट्रमिंग करत राहिलात तर ठेका लंगडतो. मी असं करते : समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अंगठ्याने खर्जाची एकच तार, पुढच्या दोन मात्रांवर वरच्या सुरांच्या तीन बारीक तारा हलक्या. 'खाली' या रिकाम्या मात्रेवर, म्हणजे दादऱ्यात चौथ्या मात्रेवर, खर्ज अजिबात वाजवायचा नाही, फक्त वरच्या तारा. केरव्यात खाली पाचव्या मात्रेवर येते, तिथेही तेच. तबल्यात खालीला डग्ग्याचा घुमारा नसतो, तीच रिकामी जागा गिटारमध्ये येते. त्या जागेत शब्द उठून दिसतो.

आणि गाताना गिटारने गळ्याच्या मागे धावू नये. गळ्यातून मुरकी जात असेल तेव्हा गिटारने थांबावं. दोन ओळींच्या मधल्या जागेत वाजवा, तिथे तुम्हाला हवं ते करा. ओळ सुरू झाली की हात हलका.

मेट्रोनोम लावून सराव करा, पण रेकॉर्डिंगला तो लावावाच असं मला वाटत नाही. भावगीतात ओळीच्या शेवटी किंचित सैल होणं ही गंमत असते. ज्यांना नंतर वर आणखी वाद्यं चढवायची आहेत, त्यांनी मात्र लावावा.

मुंबईची हवा आणि तुमची गिटार

लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा त्याच्या किती वर असते ते आपल्या भिंतींना आलेल्या ओलीवरून कळतं. पावसाळ्यात गिटारची वरची फळी दमट होऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात आणि बोटं दुखायला लागतात. गिटार उघडी भिंतीला टेकवून ठेवू नका, खास करून बाहेरच्या बाजूच्या भिंतीला. पिशवीत ठेवा, पिशवीत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. पाच-सहाशे रुपयांच्या आसपासच्या छोट्या आर्द्रतामापकाचा खर्च वसूल होतो.

घामाने तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा, दहा सेकंदांचं काम आहे. रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी नव्या तारा चढवा. त्याच दिवशी चढवल्या तर ताणल्या जात राहतात आणि दर दोन मिनिटांनी सूर उतरतो. महिनाभर जुन्या असतील तर आवाज बोथट येतो. नवख्यांनी ०.०१० किंवा ०.०११ इंचाचा संच घ्यावा, बोटं वाचतात. तारा, कॅपो, क्लिपचा ट्यूनर हे सगळं धोबीतलावला एका फेरीत मिळतं. तिथलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं आहे. केबल, स्टँड, कनेक्टर यांसाठी मात्र लॅमिंग्टन रोड.

सूर लावलात की एक तपासणी करा. कुठलीही तार बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर नुसती बोटाने शिवून छेडा, मग तीच तार बाराव्या घरात दाबून छेडा. दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा किंवा उतरलेला येत असेल, तर गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या. ट्यूनर कितीही हिरवा दिसला तरी अशा गिटारवर वरच्या घरातल्या कॉर्ड बेसूरच येणार. कॅपो लावल्यावर पुन्हा सूर बघायला विसरू नका, त्याच्या दाबाने तारा किंचित चढतात.

खोली

घरात वेगळी खोली नसेल तरी चालतं. माझी पहिली तीन वर्षं आईच्या कपड्यांच्या कपाटासमोर गेली.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागोमाग टर्रर असा पत्र्यासारखा आवाज आला, तर दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. हाच आवाज तुमच्या शब्दांच्या व्यंजनांवर चढतो, आणि 'स', 'श', 'च' ही अक्षरं चिवडली जातात.

उपाय घरातच आहे : गोधड्या. दोरीवर दोन जाड गोधड्या किंवा रजया टाका, आणि त्या तुमच्या पाठीमागे लावा. सगळेजण पहिल्यांदा समोर लावतात. पण माईकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीकडेही असतं, आणि तिथून परतणारा आवाज तो पहिला पकडतो. खाली सतरंजी अंथरा. कपाटाची दारं उघडी टाका, आतल्या साड्या आणि शर्ट आवाज गिळतात. गादी भिंतीला उभी केलीत तर उत्तम. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा अगदी कोपऱ्यात बसू नका, दोन्ही ठिकाणी खर्ज विचित्र येतो.

एक स्पष्ट सांगते. गोधडीने खोलीतला घुमारा जातो, बाहेरची गाडी थांबत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून तर दोन्हींपैकी कुठलंच काम नीट होत नाही, फक्त धूळ साठते. बाहेरचा आवाज कमी करायला फटी बुजवाव्या लागतात. खिडक्या लावा, दाराखालच्या फटीत जाड टॉवेल गुंडाळून ठेवा, आणि रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खोली निवडा, भले ते स्वयंपाकघर असो. फ्रिज तेवढा बंद करा. आणि रेकॉर्डिंग संपल्यावर चालू करायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर पडायच्या आधी तो उघडावाच लागतो.

वेळ साधा

मी भांडुपला राहते, रुळांपासून दोन इमारती आत. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी जाते, आणि जलद गाडीचा भोंगा तर खिडकी बंद असली तरी आत येतो. आठवडाभर मी एका वहीत टिपून ठेवलं : कुठल्या वेळी काय आवाज. तुम्हीही हे करा. सकाळी सात ते दहा पाण्याचा पंप, कुकर, भांडी. अकरानंतर भंगारवाला आणि भाजीवाला. एप्रिल-मेमध्ये पहाटेपासून कोकीळ, आणि ती नेमकी वरच्या सुरात चढत जाते. दुपारी दोन ते चार इमारत झोपलेली असते. माझी बहुतेक गाणी याच दोन तासांतली आहेत.

रात्री उशिरा, लोकल बंद झाल्यावर, शहर सगळ्यात शांत असतं हे खरं. पण शेजारी झोपलेले असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. नियम बाजूला ठेवला तरी चाळीत एक भिंत सामायिक असते, आणि तिच्या पलीकडे कुणाचं तरी तान्हं बाळ असतं. रात्री गाऊ नये. गणपतीचे दहा दिवस आणि नवरात्र रेकॉर्डिंगसाठी धरूच नका, तेव्हा बसून नव्या गाण्याच्या कॉर्ड बसवा.

गाणं चार मिनिटांचं आणि दोन गाड्यांमधली फट तीन मिनिटांची असेल, तर कडव्याकडव्याने रेकॉर्ड करा. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आधीच्या ओळीपासून करा, म्हणजे जोडताना श्वास आणि लय जुळतात. पंखा बंद ठेवावाच लागतो. मे महिन्यात हे कठीण जातं, म्हणून दोन टेक झाले की पंखा लावा, पाणी प्या, घाम पुसा, तारा पुसा, पुन्हा सूर लावा.

फोन पुरतो का?

पुरतो. पहिली दहा गाणी फोनवरच करा, असंच मी सांगेन. फक्त फोन विमान मोडवर टाका आणि गिटारपासून दोन-तीन फुटांवर, तुमच्या छातीच्या उंचीला, स्टँडवर ठेवा. मांडीवर किंवा टेबलावर आडवा नको, टेबलाची धडधड आत येते.

फोनचा एक दोष लक्षात ठेवा. तो बोलण्यासाठी बनवलेला आहे. बऱ्याच फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि गोंगाट कापण्याची सोय आतून चालू असते, आणि तिला गिटारची लांबत जाणारी तार गोंगाट वाटते. मग कॉर्ड शेवटाला अचानक दबते, मुखडा मोठा येतो, आणि हळू म्हटलेली ओळ फुगते. सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते का बघा. येत नसेल, तर ज्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते असं रेकॉर्डिंगचं ॲप वापरा.

माईक घ्यायचाच असेल तर

कंडेन्सर माईक नाजूक तपशील पकडतो, आणि त्याच नाजूकपणे शेजारच्या घरातली मालिकाही पकडतो. त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माईक संगणकाला जोडणाऱ्या डबीतून, ४८ व्होल्टची वीज लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. डायनॅमिक माईकला ती लागत नाही, तो जवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडतो. सभा-समारंभात दिसणारा शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिकच. आवाजाच्या रस्त्यावर घर असेल, तर लोक काहीही सांगोत, मी डायनॅमिक घ्यायला सांगेन. खोली शांत असेल तर कंडेन्सर.

माईक कुठे ठेवायचा याला माईक कुठला आहे यापेक्षा जास्त महत्त्व आहे. नवखा माणूस तो गिटारच्या भोकासमोर ठेवतो, कारण आवाज तिथून येतोसा वाटतो. तिथून खर्जाचा गोळा येतो, घों घों, आणि तोच शब्दांना गिळतो. माईक बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर किंवा दीड वीत अंतरावर ठेवा आणि किंचित भोकाच्या दिशेने वळवा. मग हेडफोन लावून एका हाताने माईक बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत ऐका. दुसऱ्या कुणाला गिटार वाजवायला सांगता आलं तर फारच बरं.

एकाच माईकवर गळा आणि गिटार दोन्ही घ्यायचं असेल, तर तो हनुवटी आणि गिटार यांच्या मधल्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवा. गिटार जास्त येत असेल तर माईक वर उचला, गळा जास्त येत असेल तर खाली आणा. हा तोल नंतर संगणकात बदलता येत नाही, म्हणून त्याला अर्धा तास द्या. सुरुवातीला हीच पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण ती तुम्हाला हळू वाजवायला शिकवते. दोन माईक वापरलेत तर दोन्हींतलं अंतर, प्रत्येक माईक आपल्या आवाजापासून जितका दूर आहे त्याच्या निदान तिप्पट ठेवा. नाहीतर एकच आवाज दोन्हींत थोड्या फरकाने पोहोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती आत घ्यायचा ते, लावताना गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ म्हणा आणि काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा, व्हिडिओबरोबर हेच जुळतं. गाताना ऐकायला तारेचे हेडफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, आणि तुम्ही स्वतःच्याच मागे पडत जाता. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घुं असा एकसुरी आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तो तिचाच सूर असतो.

आणि गाणं सुरू करण्याआधी दहा सेकंद गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू ठेवून. खोलीची ही रिकामी शांतता पुढे कामाला येते.

थोडंसंच मिक्सिंग

ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला तिच्यापलीकडे काही लागत नाही. ॲपलवाल्यांना गॅरेजबँड आहेच. आधी ती दहा सेकंदांची शांतता निवडून गोंगाट कमी करण्याच्या सोयीला तिचा नमुना द्या, मग सगळ्या गाण्यावर सहा ते दहा डेसिबलच कापा. जास्त कापलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्यापेक्षा बारीक सूं परवडली.

मग ८० हर्ट्झच्या खालचं कापा. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते, तिच्या खाली फक्त रस्ता आणि जिना. शब्द तरीही झाकले जात असतील, तर गिटारमध्ये २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवा. गळ्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणं, हलकं, तीनास एक. रिव्हर्ब, म्हणजे वरून चढवलेला घुमारा, जिथे ऐकू यायला लागतो तिथून थोडा मागे घ्या. नवख्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त शब्द रिव्हर्बनेच बुडतात.

शेवटी गाणं फोनच्या छोट्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका. बहुतेक लोक तसंच ऐकणार आहेत. मग ज्याला गाणं माहीत नाही अशा एखाद्याला ऐकवा आणि शब्द लिहून काढायला सांगा. माझा धाकटा चुलतभाऊ हे काम करतो. तो जिथे अडतो, ती ओळ मी पुन्हा गाते.

चित्र

यावर फार वेळ घालवू नका. खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे नको. लेन्स रुमालाने पुसा. डावा हात आणि चेहरा दोन्ही चौकटीत येऊ द्या, कारण शिकणारे लोक कॉर्ड बघतात आणि बाकीचे ओठ बघतात. दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा किंवा शटर एक पन्नासांश करा. आवाज वेगळा रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, जोडताना ती जुळवली की ओठ जुळतात. मरीन ड्राइव्ह किंवा दादर चौपाटीवर चित्रण छान दिसतं, पण समुद्राचा वारा माईकमध्ये नुसता फडफडतो. तिथे चित्र घ्या, आवाज घरचा वापरा.

हक्क आणि श्रेय

गाणं दुसऱ्याचं आहे, हे विसरून चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणून मूळ गाण्याचा संगीताचा ट्रॅक लावून त्यावर गाऊ नका, सगळं स्वतः वाजवा. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कव्हरसाठी वैधानिक परवान्याचं कलम ३१सी आलं. पण त्यात पहिल्या मुद्रणानंतर पाच वर्षांची अट आहे आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, म्हणजे ते घरी गाणाऱ्यासाठी नाही.

व्यवहारात यूट्यूबवर बहुतेकदा असं होतं : यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते आणि तुमच्या व्हिडिओवर हक्कधारकाचा दावा लागतो. व्हिडिओ सहसा राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात. कधी तो काही देशांत बंदही होतो. दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल चॅनलला मिळणारी ताकीद, नव्हे, घाबरून व्हिडिओ काढू नका. स्ट्राइक मात्र गंभीर, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं.

अभंगांबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकते. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण ज्या चालीत तुम्ही ते ऐकलेत, ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असेल, तर ती मोकळी नाही. स्वतःची चाल लावून बघा. साडेतीन चरणांचा अभंग आणि तीन कॉर्ड, याहून चांगला अभ्यास मला सापडलेला नाही.

वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा : गीत, संगीत, मूळ गायक. तिन्ही नावं, पूर्ण, देवनागरीत. गायकाचं नाव सगळे लिहितात, कवीचं नाव गाळतात. ज्याच्या शब्दांसाठी आपण पट्टीपासून गोधडीपर्यंत एवढं सगळं केलं, त्याचंच नाव नाही, हे मला सहन होत नाही. नाव नक्की माहीत नसेल तर शोधा, मिळेपर्यंत गाणं टाकू नका. त्याखाली गाण्याचे शब्द, पट्टी आणि कॅपोचं घर लिहा. कुणीतरी कोकणात किंवा कोल्हापुरात गिटार घेऊन बसलेलं असतं, त्याला ते लागतं.

पाठवताना

यूट्यूब मोठा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास खाली आणतं, त्यामुळे गाणं मुद्दाम फुगवण्यात काही फायदा नाही. सर्वांत उंच टोक उणे एक डेसिबलवर थांबवा. मूळ वेव्ह फाइल आणि सगळे टेक एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, फाइलच्या नावात गाण्याचं नाव, पट्टी आणि तारीख घाला.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि वरचे सूर खरखरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर लिंक पाठवा. आत्याला मी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवते. ती चष्मा लावून, वही घेऊन ऐकते आणि रात्री जेवणं झाल्यावर फोन करते. गेल्या गाण्याला एकच शब्द निसटला होता, तिसऱ्या कडव्यातला. ती ओळ या शनिवारी दुपारी पुन्हा घ्यायची आहे.